घामाच्या हवेत घालायची पॅन्ट शिवायची तर कापड कोणतं घ्यायचं? दुकानात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं टेलरिंगचं काम कोल्हापुरात, महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि दोन कारागीर बघतो. मार्च उजाडला की काउंटरवर रोज तेच ते प्रश्न येतात आणि पार गणपतीपर्यंत चालतात, त्यामुळं एकदा निवांत बसून सगळं लिहून काढलंय. कापड आमच्याकडनंच घ्या असं अजिबात नाही, आम्ही कापड विकतच नाही, फक्त शिवतो. पण चुकीचं कापड घेऊन आलेलं गिऱ्हाईक बघितलं की वाईट वाटतं, पैसे जातात आणि वर चार महिने घामाघूम होत ती पॅन्ट ओढायला लागते.

सुती घेतलं की झालं ना? सुती म्हणजे गारच की.

इथंच बहुतेकांची फसगत होते. सुती हा धागा झाला, कापड कसं विणलंय आणि किती जाड आहे ही वेगळीच गोष्ट. एप्रिलमधलं आपल्याकडचं ऊन बऱ्यापैकी कोरडं असतं, घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग गार करतो, त्यामुळं तेव्हा कुठलंही बरं सुती कापड चालून जातं. पण जूनला हवा दमट झाली किंवा घाट उतरून रत्नागिरी-मालवण-गोव्याला गेलात की घाम वाळतच नाही, नुसता गळतो, आणि मग सुती धागा तो घाम पिऊन बसतो आणि ओला कापडाचा बोळा मांडीला चिकटावा तशी पॅन्ट चिकटते. अशा हवेत कापडातनं वारा आरपार जातो की नाही हे आधी बघायचं, मग वजन, आणि धागा कुठला हे तिसऱ्या नंबरला.

एक पोरगा रत्नागिरीला नोकरीला लागला, खुशीत येऊन जाड खाकी कॉटन ड्रिलच्या, म्हणजे दाट तिरक्या विणीच्या सुती कापडाच्या, तीन पॅन्टी एकदम शिवून घेऊन गेला. महिन्या-दीड महिन्यात परत आला तर जांघेत लालभडक चट्टे, चालताना पाय फाकवून चालत होता बिचारा. कापड एक नंबर सुती होतं. चूक माझी होती, कुठं घालणार आहेस एवढं मी मापं घेतानाच विचारायला पाहिजे होतं. त्याला मग कॉटन-लिननच्या मॅटी, म्हणजे चटईसारख्या विणीची, मांडीत ऐसपैस अशी पॅन्ट शिवून दिली आणि आधी डॉक्टरकडं जा म्हटलं. तेव्हापासून पहिला प्रश्न माझा असतो, कुठं आणि कुठल्या महिन्यात घालणार.

विण कळायची कशी? दुकानदार तर सगळंच ‘एअरी’ म्हणून सांगतो.

दुकानदाराचं राहू द्या, तुमच्या हातात आहे ते. कापडाचा एकच पदर दोन्ही हातांत थोडा ताणून ट्यूबलाइटसमोर किंवा दारातल्या उजेडात धरा. धाग्यांच्या मधनं बारीक बारीक ठिपक्यांसारखा उजेड दिसला तर वाऱ्याला वाट आहे. काळंकुट्ट बंद दिसलं तर ते थंडीसाठी ठेवा. दुसरं म्हणजे कापड तोंडाजवळ धरून फुंकर मारा आणि पलीकडं हाताचा तळवा ठेवा, फुंकर तळव्याला लागली पाहिजे. दुकानात चारचौघांत असं करायला लाजू नका, आम्ही पण असंच बघतो.

विणीचं म्हणाल तर साधी विण, म्हणजे एक धागा वर एक खाली, ती सगळ्यात मोकळी ठेवता येते. मॅटी म्हणजे दोन-दोन धागे जोडीनं विणलेले, चटईसारखं दिसतं, त्यात पण वारा खेळतो आणि पॅन्टला हवा तो भारदस्तपणा पण येतो, माझं स्वतःचं हे आवडतं आहे. ट्विल म्हणजे अंगावर तिरक्या रेघा दिसतात ते, चिनोज आणि गॅबर्डिन त्यातलंच. ट्विल टिकाऊ असतं, फॉल चांगला पडतो, पण धागे दाटीनं बसवलेले असतात त्यामुळं दमट हवेत गरम होतं. आणि एक सीअरसकर म्हणून असतं, मुद्दाम चुण्या चुण्या पडलेलं, ते अंगाला पूर्ण टेकतच नाही त्यामुळं घामात फार बरं वाटतं, पण फॉर्मल ऑफिसात सगळ्यांनाच ते रुचत नाही.

सैल विणीचा एक तोटाही सांगतो. असल्या कापडात सीटच्या शिलाईला ताण आला की धागे सरकतात आणि शिलाईच्या बाजूला जाळी दिसायला लागते. त्यामुळं टेलरला सांगून मार्जिन जास्त ठेवून घ्या आणि आतनं ओव्हरलॉक नीट मारून घ्या.

जीएसएम म्हणजे काय आणि पॅन्टला किती पाहिजे?

एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आपल्या हवेला पॅन्टसाठी १८० ते २४० च्या मधलं बघा. १५० च्या खाली गेलात तर खिसे बाहेरनं दिसतात, गुडघ्याला फुगे येतात, बसता उठता सीट फाटायची भीती. २८०-३०० च्या पुढं घामाची खात्री. जीन्सचं १२ औंसाचं डेनिम घेतलं तरी ते ४०० च्या आसपास जातं, म्हणून तर जुलैत जीन्स वाळत नाही.

दुकानात जीएसएम कुणी सांगत नसेल तर पीस तराजूवर टाका. ५८ इंच पन्ह्याचं १.२० मीटर कापड म्हणजे साधारण पावणेदोन चौरस मीटर होतं, ते ३५० ग्रॅम भरलं तर कापड २०० जीएसएमचं, अर्धा किलोच्या वर गेलं तर राहू द्या.

लिनन लई महाग पडतं, खरंच उपयोग आहे का? आणि चुण्या?

आहे. लिनन जवसाच्या जातीच्या झाडाच्या खोडातल्या तंतूंपासनं होतं, धागा थोडा ताठ असतो त्यामुळं कापड अंगापासनं जरा दूर राहतं, आणि ओलावा सुतापेक्षा जास्त घेतं आणि पटकन सोडतं. ओलं झाल्यावर उलट मजबूत होतं, त्यामुळं धुण्यानं लवकर विरत नाही. चुण्या मात्र पडणारच, तंतूला लवचिकपणाच कमी, त्याला कुणाचा इलाज नाही. दुचाकीवरनं ऑफिसला जाऊन पोहोचलात की मांडीवर आणि गुडघ्यामागं चुण्या तयार. ज्यांना त्या सहनच होत नाहीत त्यांना मी कॉटन-लिनन मिक्स सांगतो, निम्मं-निम्मं असलं तरी वाऱ्याचा फायदा बराचसा मिळतो आणि चुण्या जरा मऊ पडतात. प्युअर लिनन घेणार असाल तर थोडं वजनदार घ्या, २०० च्या वरचं, त्यात चुणी पडते पण सुरकुतलेल्या कागदासारखी दिसत नाही. लिननच्या पॅन्टखाली पापाच्या तिकटीवरनं घेतलेली कोल्हापुरी घातली की जो रुबाब येतो तो बुटात येत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे.

उन्हाळ्यात लोकरीची पॅन्ट? काहीतरीच काय.

गिऱ्हाईक हसतंच हे ऐकून, पण हातात कापड दिलं की गप्प होतं. लोकर म्हणजे स्वेटरच असतो असं नाही. ट्रॉपिकल वूल म्हणून येतं, साध्या विणीचं, धाग्याला भरपूर पीळ दिलेला, साधारण २०० ते २५० वजनाचं. पीळ जास्त असल्यामुळं धागा गोल आणि कोरडा राहतो, मधनं वारा जातो, हाताला थोडं खरखरीत लागतं पण चिकटत नाही. आणि लोकर तिच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के वाफ आत घेऊ शकते तरी हाताला ओली लागत नाही, सुताला हे जमत नाही. रात्री हँगरला लावून ठेवली की सकाळपर्यंत निम्म्या चुण्या आपोआप जातात. रोज मीटिंगा असतात, एसीतनं उन्हात आणि उन्हातनं एसीत चालू असतं, अशा माणसाला मी हेच सांगतो.

अडचणी पण सांगायलाच पाहिजेत. महाग आहे. घरी बादलीत धुता येत नाही, ड्रायक्लीनिंग लागतं. आणि पावसाळ्यात नुसतं कपाटात कोंबून ठेवलं तर कसर लागते, बारीक बारीक भोकं पडतात आणि ती परत बुजत नाहीत. ठेवायच्या आधी स्वच्छ करा, सुती पिशवीत ठेवा, डांबराच्या गोळ्या कापडाला न टेकवता कोपऱ्यात ठेवा. ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ हे जे किनारीवर छापलेलं असतं ते तंतूच्या बारीकपणाचं आहे, गारव्याचं नाही, त्याच्यामागं लागून जास्त पैसे घालू नका. उलट जास्त बारीक असेल तर दुचाकीच्या सीटवर घासून लवकर विरतं.

टेरिकॉट (पॉलिस्टर-सुती) किंवा पीव्ही (पॉलिस्टर-व्हिस्कोस) चालेल का? बजेट तेवढंच आहे.

चालेल, फक्त टक्केवारी वाचून घ्या. पॉलिस्टर स्वतः अर्धा टक्कासुद्धा ओलावा घेत नाही, सुती साडेआठ टक्क्यांच्या आसपास घेतं, व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासनं केलेला धागा, त्याहून जास्त. म्हणजे मिक्समध्ये पॉलिस्टर जेवढं कमी तेवढं अंगाला बरं. ६५-३५ चं पॉलिस्टर-व्हिस्कोस सगळीकडं मिळतं, इस्त्री टिकते, लवकर वाळतं, रोज शिरोली एमआयडीसीत पाळी करणाऱ्या माणसाला तेच परवडतं आणि त्यात काही कमीपणा नाही. तेवढं साध्या विणीचं आणि हलकं बघा. हलक्या मोकळ्या विणीचं पीव्ही हे जाड दाट सुती ड्रिलपेक्षा गार राहतं, मी दोन्ही घालून बघितलंय. वास मात्र धरतं पॉलिस्टर, तेलकट घाम त्याला चिकटून बसतो, म्हणून दोन दिवस सलग घालू नका.

१०० टक्के पॉलिस्टरची पॅन्ट मात्र मी मापं घ्यायच्या आधीच नको म्हणून सांगतो.

बांबूचं कापड, टेन्सेल वगैरे?

बांबू म्हणून विकतात ते बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासनं केलेलं व्हिस्कोसच असतं. मऊ आहे, गार लागतं, पण व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते, त्यामुळं पिळून आपटून धुवायचं नाही. टेन्सेल हा पण लाकडाच्या लगद्याचाच धागा, पण ते ओल्यातही त्यापेक्षा चांगलं टिकतं, कॉटनबरोबर मिक्स मिळालं तर जरूर घ्या.

स्ट्रेच घेऊ का?

लायक्रा २-३ टक्के असेल तर ठीक, बसायला उठायला सोपं जातं. पण स्ट्रेच आहे म्हणून पॅन्ट टाइट शिवून घेतली की मग वाऱ्याचा विषयच संपला. कडक इस्त्री आणि कडक ऊन या दोन्हीनं लायक्रा मरतो, गुडघे लोंबायला लागतात.

इचलकरंजी एवढी जवळ, तिथलं कापड घेतलेलं बरं का?

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी शाहू मिल काढली १९०६ साली, म्हणजे कापड हा आपल्या मातीतला धंदा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. इचलकरंजीचं सुती पॉपलीन, केंब्रिक नावाजलेलं, पण ते शर्टाचं, अस्तराचं, खिशाचं कापड, पॅन्टला ते पातळ पडतं. पॅन्टसाठी सूटिंग किंवा जाडसर मॅटी मागा. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला घाऊक बाजारात फिरलात तर भरपूर व्हरायटी बघायला मिळते, फक्त तागा उलगडायला लावा आणि मधलं कापड बघा, वरची घडी बघून घेऊ नका. एकाच ताग्यात रंगाचा फरक असू शकतो, म्हणून दोन पॅन्टी एकाच रंगाच्या करायच्या असतील तर कापड एका वेळी एकाच ताग्यातनं कापून घ्या.

सुती म्हणून दिलेलं खरंच सुती आहे का, घरी कसं बघायचं?

किनारीचे दोन-तीन धागे उपसा, उभे वेगळे आणि आडवे वेगळे, चिमट्यात धरून वाटीवर जाळा. सुती आणि लिनन कागद जळाल्यासारखा वास देतात आणि राख बोटानं चुरते. लोकर केस जळाल्यासारखी. पॉलिस्टर वितळतं आणि काळा टणक मणी होतो, तो गरम असताना हात लावू नका, कातडीला चिकटतो. उभे-आडवे वेगळे जाळायचं कारण असं की कधी कधी एका दिशेचा धागा सुती आणि दुसऱ्या दिशेचा पॉलिस्टर असतो.

मी वकील आहे, दिवसभर काळी पॅन्ट, काय करू?

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासनं हा प्रश्न वाढलाय. खालच्या कोर्टात उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नसते पण हायकोर्टात ती सवलत नाही, म्हणजे वरनं कोट आणि गळ्यात पांढरा बँड असणारच, मग निदान पायाला तरी सुख द्या. पॅन्ट काळीच पाहिजे असं नाही, पांढरी, करडी किंवा पट्ट्यांचीही चालते. ज्यांना जमतं त्यांनी ट्रॉपिकल वूल, नाहीतर वूल-पॉलिस्टर मिक्स हलक्या वजनाचं. सुती काळा धुण्यात लवकर विटतो आणि मग कोटाचा काळा वेगळा आणि पॅन्टचा वेगळा दिसतो, वकिलाला ते शोभत नाही.

घामाचे डाग न दिसणारा रंग कुठला?

मध्यम राखाडी, फिकट खाकी आणि फिकट निळा या तिघांवर ओल सगळ्यात जास्त दिसते. नेव्ही, गडद तपकिरी, किंवा अगदी फिकट बिस्किटी यांच्यावर कमी. बारीक ठिपके, दोन रंगांच्या धाग्यांचं मिक्स असेल तर डाग हरवून जातो. काऊंटरवर कापडाच्या कोपऱ्याला ओलं बोट लावून बघा, किती गडद होतं ते लगेच कळतं. पांढरं घ्यायचं तर आतनं पुढच्या बाजूला पातळ अस्तर लावा आणि खिशाचं कापड अंगाच्या रंगाचं लावायला सांगा, पांढऱ्या खिशाची चौकट बाहेरनं दिसते.

फिटिंग कसं ठेवायचं?

कापडावर हजारानं खर्च करून मांडीत टाइट शिवून घेणारे बघितले की जीव तुटतो. मांडीला बसल्यावर मोजून निदान अडीच-तीन इंच ढिलाई पाहिजे, आसन, म्हणजे कंबरेपासनं जांघेपर्यंतचं माप, थोडं खोल पाहिजे म्हणजे जांघेत कापड घासत नाही, आणि बॉटम, म्हणजे खालच्या मोहरीचा घेर, १५-१६ इंच ठेवलं तर चालताना खालनं वारा वर जातो. पुढं एक प्लीट घेतली तर उभं राहिल्यावर पॅन्ट सरळ दिसते आणि बसल्यावर जागा मिळते, पोट असलेल्या माणसाला तर फारच आराम. माप द्यायला येताना नेहमीच्या चपला-बुटात या.

अस्तर लावायचं की नाही?

पांढरं सोडलं तर सुती, लिनन, मिक्सला गरज नाही. लोकरीला पुढं गुडघ्यापर्यंत लावतात कारण ती टोचते, पण ते अस्तर पॉलिस्टरचं नको, व्हिस्कोस किंवा पातळ केंब्रिकचं सांगा. आणि खिशाचं कापड! ह्याच्याकडं कुणी लक्षच देत नाही. मांडीच्या सगळ्यात गरम जागी दोन्ही बाजूला खिशाचे दोन-दोन पदर असतात, ते प्लास्टिकसारखे पॉलिस्टरचे असले तर वरचं भारीतलं लिनन वाया. सुती पॉकेटिंग मागून घ्या, फरक थोड्या रुपयांचा आहे. बेल्टच्या जागी आत घालतात ते बकरम पण फार जाड नको, तिथंच घाम साचतो आणि तिथंच वाळायला वेळ लागतो.

कापड किती घ्यायचं?

५८ पन्हा असेल तर १.२० मीटर, उंच किंवा जाड असाल तर १.३० ते १.५०. ३६ पन्ह्याचं असेल तर अडीच मीटर धरा. सुती-लिनन असेल तर १० सेंटीमीटर जास्तीचं घ्याच.

शिवायच्या आधी कापड भिजवायलाच पाहिजे का?

सुती आणि लिनन, हो, पाहिजेच. ४० इंच उंचीवर ३ टक्के आटलं तरी सव्वा इंच जातो आणि पॅन्ट घोट्याच्या वर दिसते. रात्रभर साध्या पाण्यात बुडवायचं, पिळायचं नाही, सावलीत पसरून वाळवायचं आणि थोडं दमट असतानाच इस्त्री. लोकर भिजवू नका, ती आम्ही वाफेच्या इस्त्रीनं बघतो. आणि तरीही तळाला दोन इंच दुमड ठेवायला सांगा म्हणजे पुढं लागलं तर सोडता येते.

पावसाळ्यात पॅन्टला कुबट वास येतो.

कारण बेल्टची पट्टी आणि खिसे वाळलेले नसतात. पाय वाळले म्हणून आपण घडी घालतो, पण कंबरेला बोटं दाबून बघा, गारगार लागते की नाही. पॅन्ट उलटी करायची, चारी खिसे बाहेर ओढायचे, चेन उघडी ठेवायची आणि कंबर पंख्याच्या बाजूला करून टांगायची. इस्त्रीनं ओल मारून लगेच कपाटात ठेवू नका, तासभर बाहेर राहू द्या. अर्धवट वाळलेली पॅन्ट घालून दिवस काढला तर जांघेत गजकर्ण होऊ शकतं. ह्या चार महिन्यांसाठी तीन पॅन्टी आलटून पालटून, त्यातली निदान एक लवकर वाळणाऱ्या मिक्सची, असं ठेवलेलं बरं.

लेडीज फॉर्मल पॅन्टला हेच लागू का?

हेच. तेवढं खिसे खरे आणि खोल पाहिजेत म्हणून आधीच सांगा, आणि पलाझोसारखी रुंद हवी असेल तर १६०-१७० वजनाचंही चालतं कारण ताण कमी येतो.

किती दिवसांत मिळेल?

कापड भिजवून आणलेलं असेल तर आठ दिवस. आमच्याकडं भिजवायचं असेल तर उन्हाळ्यात एक दिवस जास्त, पण जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस जास्त धरा, कारण तेव्हा आमच्या माडीवरच्या दोरीवर कापड दोन दिवस लोंबतं तरी किनार ओलीच असते, आणि किनार वाळल्याशिवाय मी कात्री लावत नाही. लग्नाचं असेल तर महिनाभर आधी या, ट्रायलला एकदा बसून, उठून, जिना चढून बघायचंय.